राखणदाराचा हात थांबेना तेव्हा



जोंधळा हुरड्यात आला की माळ्यावर राखणदार बसतो, हे करजगीच्या शिवारातील माणसांना सांगावयास नको. पाखरांचा थवा उतरला की त्याची गोफण फिरते. थवा उडाला की ती खांद्यावर विसावते. केव्हा थांबावे हे जाणणे हाही राखणीचाच भाग आहे. थवा गेल्यावरही जो गोफण फिरवीत राहील, त्याच्या दगडांनी धन्याचीच कणसे झडतील. आज आम्ही ज्या दुखण्याविषयी लिहीत आहोत, ते नेमके असेच आहे.

आतड्यांचा हा दीर्घकाळचा दाह मुख्यतः दोन रूपांनी येतो. एकात मोठ्या आतड्याच्या अस्तरावर व्रण पडतात. त्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. दुसरा क्रोनचा आजार. न्यूयॉर्कचे डॉक्टर बरिल क्रोन यांनी 1932 साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, म्हणून हे नाव. तो बहुधा लहान आतड्याच्या शेवटच्या भागात घर करतो. आठवड्यांमागून आठवडे जुलाब, शौचात रक्त व आव, पोटात कळा, झोपेतून उठून शौचास धावणे, अशक्तपणा आणि घटत जाणारे वजन, ही त्यांची लक्षणे होत. आमच्या खेड्यांत याला कोणी मूळव्याध म्हणतो, कोणी उष्णता. आणि लाजेपोटी, विशेषतः मुली व सुना, महिनोन्‌महिने कोणाजवळ बोलत नाहीत.

शरीराचे राखणदार म्हणजे रक्तातील व आतड्यातील पांढऱ्या पेशी. 1882 साली इटलीतील मेसिना येथे एल्या मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक डिंभात काटा टोचून ठेवला. दुसऱ्या दिवशी पाहतो तो फिरत्या पेशींनी त्या काट्यास वेढा घातलेला! या शोधमालिकेबद्दल 1908 साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. 1897 साली मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेणारे डॉक्टर हाफकिन हे त्यांचेच विद्यार्थी. परळच्या संस्थेला आज त्यांचे नाव आहे.

आता आतड्याची अडचण पाहा. तेथे कोट्यवधी जंतूंची कायम वस्ती असते आणि त्यांतील बहुतेक आपले सोबतीच असतात. त्यांच्या व आपल्या शरीराच्या मध्ये भिंत केवढी? अवघ्या एका पेशीच्या जाडीची! म्हणून येथील राखणदारांना दुहेरी शिस्त लागते. भक्षक पेशींनी शत्रू गिळावा, टी पेशींनी त्याची ओळख ठेवावी. परंतु सोबत्यांवर मात्र हात उगारू नये. या शिस्तीसाठी काही टी पेशी इतरांना आवर घालण्याचेच काम करतात. जपानचे शिमोन साकागुची यांनी 1995 साली अशा पेशी दाखवून दिल्या. 2025 चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक त्यांना व मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल या दोघा अमेरिकन संशोधकांना मिळाले, ते या विषयातील शोधांबद्दलच.

जन्मजात ठेवण, बाहेरचे वातावरण, जंतूंच्या वस्तीतील बिघाड, अशा अनेक गोष्टी एकत्र आल्या की ही शिस्त मोडते. राखणदार सोबत्यांनाच चोर समजतात आणि रासायनिक संदेशांनी आणखी कुमक बोलावतात. न्यूट्रोफिल नावाच्या पेशी झुंडीने येतात व जंतू मारण्यासाठी साठविलेली दाहक द्रव्ये ओततात. त्याने अस्तरच पोळते, भिंत फुटते, आणखी जंतू आत शिरतात, आणखी राखणदार धावतात. हे रहाट आपोआप थांबत नाही. याच पेशींतील एक प्रथिन शौचात उतरते. ते मोजून आतड्यात दाह आहे की नाही याचा अंदाज डॉक्टर घेतात. पुढे दुर्बिणीने तपासून बारीक तुकडा काढतात.

उपचार म्हणजे या राखणदारांना शांत करणे. कॉर्टिसोनचा गुण 1955 साली इंग्लंडमधील प्रयोगाने सिद्ध झाला. 1998 पासून टीएनएफ नावाचा दाहाचा संदेशच अडविणारी इंजेक्शनेही अमेरिकेत क्रोनच्या रोग्यांना मिळू लागली. आज ती आपल्या देशातही आहेत. परंतु येथे एक मोठा धोका आहे, तो नीट ध्यानात घ्यावा. शरीरात दडलेल्या क्षयाच्या जंतूंभोवती कुंपण राखण्याचे कामही हाच टीएनएफ करतो. कुंपण काढले की क्षय उसळतो. शिवाय आतड्याचा क्षय आपल्या देशात पुष्कळ आढळतो व तो दिसण्यात क्रोनच्या आजारासारखाच असतो. म्हणून क्षयाची तपासणी आधी. राखणदारांना आवरणारे औषध मागाहून. शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर स्टेरॉइडच्या गोळ्या आणून खाणे म्हणजे अंधारात विहिरीच्या काठाने चालणे होय.

तेव्हा आमचे सांगणे एवढेच. आव-रक्त दोन-तीन आठवडे थांबले नाही, तर घरगुती उपायांत दिवस न दवडता सोलापूर किंवा कलबुर्गी येथील मोठ्या सरकारी रुग्णालयात जावे. रक्त फार जात असेल, ताप असेल किंवा पोट फुगले असेल, तर त्याच दिवशी निघावे. बरे वाटू लागले म्हणून औषध आपल्या मनाने सोडू नये; राखणदार निजला आहे, गेलेला नाही. क्रोनच्या रोग्याने विडी-सिगारेट कायमची टाकावी.

आणि घरच्या मंडळींनो, हे दुखणे एकाचे दुसऱ्याला लागत नाही. रोग्याचे ताट वेगळे मांडू नका. ते कोणाच्या अपराधाने आलेले नाही. योग्य उपचाराने रोगी शेतात राबतो, मुली शिकतात, संसार करतात, माता होतात. ज्या सुनेला रात्री चार वेळा उठून अंधारात बाहेर जावे लागते, तिला सासूने एकदा मायेने विचारावे, “बाई गं, तुला काय होतंय?” पुष्कळदा उपचाराचा आरंभ या प्रश्नापासूनच होतो.