रविवारची चिलीम, सोमवारचा हिशेब

गुढियारीत एका ठोक किराणा व्यापाऱ्याच्या पेढीवर मी हिशेब लिहिते. रायपूर स्टेशनच्या पलीकडच्या बाजूचा हा भाग. सकाळी ट्रक लागतात, दुपारपर्यंत साखर, डाळ, तेलाचे डबे गोदामात जातात आणि संध्याकाळी छोटे दुकानदार आपापल्या गाड्या भरून नेतात. हा सगळा भार ज्यांच्या पाठीवर, ते हमाल. आमच्याकडे ते नऊ आहेत. होळीनंतरच्या सोमवारी आठ उरले.

झालं असं की रविवारी संध्याकाळी तलावाच्या काठावर फाग गाणाऱ्यांची बैठक बसली होती. कुणीतरी मोबाइलवर चित्रण केलं. त्यात आमचा एक हमाल चिलीम ओढताना दिसत होता. रात्रीतून ते व्हॉट्सॲपवर फिरत फिरत सेठजींच्या फोनवर आलं. सकाळी तो वेळेवर आला, धड उभा होता, धड बोलत होता. सेठजींनी त्याला दारातूनच परत पाठवलं आणि मला म्हणाले, "याचा हिशेब चुकता करून टाका."

सेठजी हिंदीत बोलतात, मी इथे मराठीत सांगते आहे.

मी वही उघडली. चौदा वर्षांची हमाली. सहा हजारांची उचल बाकी. नेमणुकीचा कागद नाही, नियमांचा कागद नाही. चौदा वर्षांचा निकाल लावायला मला दहा मिनिटंसुद्धा लागली नसती. म्हणूनच पेन खाली ठेवलं.

सेठजी खोटं बोलत नव्हते

वाचकहो, पहिल्यांदा मालकाची बाजू. गोदामात साखरेची पन्नास-पन्नास किलोंची पोती छतापर्यंत थप्पीला लागतात. वरच्या माणसाचा तोल गेला, तर खालचा जन्माचा अधू होतो. गांजा ओढल्यावर काही तास लक्ष विचलित होतं, अंतराचा आणि वेळेचा अंदाज चुकतो. हे काही सेठजींच्या मनचं नाही.

दुसरी भीती पोलिसांची. ओडिशातून येणारा गांजा महासमुंदच्या रस्त्यावर पकडला, ही बातमी आमच्याकडे नवी राहिलेली नाही. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात, आपल्या जागेचा असा वापर जाणूनबुजून होऊ देणाऱ्या मालकालाही शिक्षा आहे. "उद्या याच्या पिशवीत माल निघाला तर मी कोर्टाच्या पायऱ्या झिजवू?" हा सेठजींचा प्रश्न अगदी रास्त होता.

पण पिशवीत काही निघालं नव्हतं. तोल गेला नव्हता. चिलीम रविवारची होती आणि तलाव गोदामापासून लांब होता.

मग सेठजींनी दुसरा उपाय काढला. औषधाच्या दुकानात लघवी तपासायच्या पट्ट्या मिळतात म्हणे, सगळ्यांचीच तपासणी करू. मी म्हटलं, "जरूर करा सेठजी. पण रांगेत पहिले तुम्ही. गुरुवारी पेढीवर सगळ्यांना भांगेची थंडाई तुम्हीच पाजलीत, स्वतःही दोन पेले घेतलेत."

सेठजी हसले, पण पट्ट्या काही आल्या नाहीत.

पट्टी काय सांगते, काय सांगत नाही

ही गोष्ट घरातल्या सगळ्यांनी समजून घेण्यासारखी आहे. दारूची नळी फुंकली की आत्ता रक्तात साधारण किती दारू आहे ते कळतं. गांजाचं तसं नाही. त्यातला नशा आणणारा घटक चरबीत मुरतो. शरीर त्याचं रूपांतर एका निरुपद्रवी अवशेषात करतं आणि तो हळूहळू लघवीवाटे बाहेर पडतो. एकदा घेतलेल्याच्या लघवीत तो काही दिवस सापडतो, रोज घेणाऱ्याच्या लघवीत कित्येक आठवडे. म्हणजे नशा उतरून गेलेली असते, पट्टी मात्र होकार देत राहते. माणूस या घडीला काम करण्याच्या अवस्थेत आहे का, हे ती सांगू शकत नाही.

शिवाय ही पट्टी भांग आणि गांजा यांत फरक करत नाही. कायदा करतो. 1985 च्या कायद्यात झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा, आणि राळ म्हणजे चरस. नुसती पानं त्या व्याख्येत नाहीत, म्हणून कित्येक राज्यांत भांग परवान्याच्या दुकानात मिळते. झाड एकच. सेठजींचा पेला सणाचा, हमालाची चिलीम गुन्ह्याची.

आणि हो, ती गुन्ह्याची आहेच. गांजा ओढल्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून "माझ्या घरात मी काय करतो ते माझं मी बघेन" हे उत्तर आपल्याकडे पुरत नाही. पण त्या गुन्ह्याची शिक्षा द्यायला कोर्ट आहे. तिथे पुरावा लागतो, बाजू मांडता येते. पेढीवर एका चित्रणावर निकाल लागला आणि शिक्षा कोर्टाच्या दंडापेक्षा मोठी झाली.

हे एकट्यादुकट्याचं प्रकरण नाही. दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या, 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतलेले सुमारे 3.1 कोटी भारतीय निघाले. राष्ट्रीय सरासरीपेक्षा जास्त प्रमाण असलेल्या राज्यांत उत्तर प्रदेश, पंजाब, सिक्कीम, दिल्ली यांच्याबरोबर आपलं छत्तीसगडही आहे. सगळ्यांना कामावरून काढायचं म्हटलं, तर कितीतरी गोदामांची शटरं वर जायची नाहीत.

विमान उडवणारा आणि पोतं उचलणारा

आता मला सर्वांत जास्त टोचलेली गोष्ट. तोल जाण्याची भीती म्हणाल, तर वैमानिकापेक्षा मोठी जबाबदारी कुणाची? त्यांच्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम 31 जानेवारी 2022 पासून लागू आहेत. विमानकर्मचारी आणि हवाई वाहतूक नियंत्रक यांच्यापैकी दरवर्षी किमान 10 टक्के लोकांची अचानक तपासणी होते. गांजाही त्या यादीत आहे. पहिल्या चाचणीत दोष दिसला की माणसाला कामावरून बाजूला करतात आणि खात्रीची दुसरी चाचणी करतात. तीही तशीच आली, तर पहिल्या वेळी त्याला व्यसनमुक्तीच्या उपचारांना पाठवतात. चाचणी स्वच्छ आली, डॉक्टरांनी तंदुरुस्त ठरवलं की तो परत येऊ शकतो. दुसऱ्या वेळी परवाना तीन वर्षांसाठी निलंबित, तिसऱ्या वेळी रद्द.

नियम कडक आहे, पण त्यात पायऱ्या आहेत. शेकडो प्रवाशांचा जीव हातात असलेल्या माणसाला एक संधी मिळते. आमच्या हमालाला दारातून आत येऊन एक वाक्य बोलायचीही मिळाली नाही.

मोठ्या कारखान्यांत स्थायी आदेश असतात. गैरवर्तन कशाला म्हणायचं, चौकशी कशी करायची, ते त्यात लिहिलेलं असतं. ग्लॅक्सो कंपनीच्या मेरठच्या खटल्यात 1980 च्या दशकात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं होतं की आदेशात 'आवारात किंवा आवाराजवळ' असे शब्द असतील, तर मालकाला ते ताणून कामगाराच्या मागे गावभर जाता येणार नाही. पण आता 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेनुसार स्थायी आदेशांची सक्ती 300 किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणी आहे. नऊ हमालांच्या गोदामात सेठजी म्हणतील तोच आदेश.

जिथे गांजा कायदेशीर आहे, तिथेही हा गुंता सुटायला वेळ लागला. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत ब्रँडन कोट्स नावाचा हातापायांनी अपंग तरुण टेलिफोनवर ग्राहकसेवेचं काम करायचा. स्नायूंच्या झटक्यांसाठी तो डॉक्टरांच्या संमतीने, कामाची वेळ सोडून गांजा घ्यायचा. 2010 मध्ये चाचणीत सापडला आणि नोकरी गेली. देशाच्या कायद्यात गांजा अजून बेकायदा आहे, या मुद्द्यावर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये कंपनीच्याच बाजूने निकाल दिला. कॅलिफोर्नियाने मात्र 1 जानेवारी 2024 पासून असा कायदा लागू केला की कामाच्या वेळेबाहेर आणि कामाच्या जागेबाहेर घेतलेल्या गांजासाठी, नुसत्या त्या निरुपद्रवी अवशेषावरून, कुणाला काढता येणार नाही. कामावर नशेत येण्याची मुभा तिथेही नाही, आणि इमारत बांधकामाच्या धंद्याला या कायद्यातून वगळलं आहे. आपण तिथला कायदा उचलून आणू शकत नाही. पण नशेत काम करणं आणि शरीरात जुना अंश असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं शिकायला काय हरकत आहे?

ती आली होती

मंगळवारी त्याची बायको पेढीवर आली. मला वाटलं, नवऱ्याची बाजू घेईल. तिने घेतली नाही. "दीदी, त्या चिलमीला मीच रोज शिव्या देते," म्हणाली. "पण आता तो सकाळपासून घरी बसतो. पूर्वी रविवारी ओढायचा, आता सोमवारीही ओढेल, मंगळवारीही. काम होतं म्हणून सहा दिवस तरी सुटत होती."

कायद्याची सगळी कलमं एकीकडे आणि हे बोलणं एकीकडे. गांजा निरुपद्रवी आहे असं मी म्हणत नाही. कोवळ्या वयात तर तो डोक्याचं फार नुकसान करू शकतो, आणि रोजची सवय जडली की घर पोखरतं. ज्यांच्या घरात मुलं आहेत त्यांनी हे हसण्यावारी नेऊ नये. पण काम काढून घेणं हा त्यावरचा उपचार नव्हे.

दोन दिवस मी सेठजींच्या मागे लागले. शेवटी काट्याशेजारच्या भिंतीवर एक कागद चिकटवला गेला. गोदामात किंवा कामाच्या वेळात दारू, गांजा, भांग काही चालणार नाही. कामावर आल्यावर कुणी डोलताना, अडखळताना दिसला, तर मुकादम आणि आणखी एक हमाल मिळून ठरवतील, त्या दिवशी घरी. दुसऱ्यांदा झालं तर दवाखाना. तिसऱ्यांदा झालं तर हिशेब. जवळ माल बाळगणाऱ्याला मात्र दुसरी संधी नाही. सुटीच्या दिवशी कोण काय करतो, याचं चित्रण पेढीवर आणू नये. शेवटची ओळ माझी. ती ठेवायला सेठजींनी बराच वेळ घेतला.

अकरा दिवसांनी तो परत आला. सेठजींनी अट घातली, महिनाभर थप्पीवर चढायचं नाही, खालीच मोजणीला थांबायचं. मला ती अट पटली, त्यालाही.

बायकोने त्याला एम्स रायपूरच्या मनोविकार विभागात नेलं. एक खेप झाली. दुसऱ्या खेपेला तो जाईना, कारण एक खेप म्हणजे एक दिवसाची हमाली बुडते. त्याच्या बायकोने हे मला सांगितलं तेव्हा महिनाअखेर होती आणि हजेरीची वही समोर होती. मी सेठजींना विचारलं, दवाखान्याच्या दिवशी खाडा लिहू की हजेरी?

ते बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अर्धा दिवस लिहा."

मी अर्धा दिवस लिहिला. उरलेल्या अर्ध्या दिवसासाठी पुढच्या महिन्यात पुन्हा भांडणार आहे.

तुमच्याही घरी, दुकानात, गाडीवर कुणीतरी कामाला असेल. त्याच्याबद्दल असं काही कानावर आलं, तर निकाल लावण्यापूर्वी एवढंच विचारा: हा आज, या घडीला, काम करण्याच्या अवस्थेत आहे का? आणि घरात कुणाला मदत हवी असेल, तर सरकारची व्यसनमुक्तीची निःशुल्क हेल्पलाइन 14446 आहे. नंबर फोनमध्ये ठेवा.