चलान भरण्याआधी

मैत्रिणींनो, मागच्या खेपेला ज्वारीच्या बिबड्यांबद्दल लिहिलं होतं. त्यातलं राहिलेलं पुढच्या आठवड्यात नक्की. आज पाचशे रुपयांची एक हकीकत सांगायची आहे. पाचशे रुपये म्हणजे काय फार नव्हे, असं कुणी म्हणेल. पण मी शाळेत तासांवर शिकवते. माझ्या हिशेबात ते चार तास होतात, आणि चार तासांत नववीच्या पोरांना समास शिकवून होतो!

लग्नानंतरची काही वर्षं धुळ्यात काढली आणि आता जळगावात आहोत. हकीकत या दोहोंपैकी एका गावातली. कुठल्या, ते मुद्दामच लिहीत नाही. धुळ्याचे रस्ते सरळ, गल्ल्या नंबरांच्या. १८१८ नंतर कॅप्टन ब्रिग्जने तिथे खानदेशाचं मुख्य ठाणं केलं, तेव्हापासूनची ही शिस्त. जळगावात जुना सहा नंबरचा हायवे गावाच्या पोटातून गेलेला. स्कुटीवाल्या बाईला दोन्हीकडे सारखीच कसरत.

तर एका दुपारी शाळा सुटल्यावर भाजी घेऊन नेहमीच्या चौकातून डावीकडे वळले. पुढे कुणी अडवलं नाही, शिट्टी वाजली नाही. संध्याकाळी हे घरी आले ते मोबाइल पुढे धरूनच. स्कुटी यांच्या नावावर, त्यामुळे मेसेज यांच्याकडे. ‘डावीकडे वळण्यास मनाई असताना वळल्याबद्दल ५०० रुपये.’ सासूबाई शेंगा निवडत बसल्या होत्या, शेजारच्या काकूही आलेल्या. हे हसत म्हणाले, “मी म्हणत नव्हतो, हिचं लक्ष पाट्यांकडे नसतं!” काकू आमच्या अहिराणी बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, “जाऊ दे ना व माय, पाचशे रुप्या भरी टाक नि मोकळी व्हय.”

मला पैशांपेक्षा ते हसणं लागलं. मागच्या वर्षी हेल्मेट नव्हतं म्हणून चलान आलं होतं, ते मी मुकाट्याने भरलं. चूक माझीच होती, त्यावर वाद कसला? पण या चौकात मनाईची पाटी मी पाहिलीच नव्हती. माझी नजर चुकली की पाटीच नव्हती, एवढं तरी कळायला नको का? हे तर बोट बटणावर ठेवून पैसे भरायलाच निघाले होते. मी म्हटलं, “थांबा. आज नका भरू.”

मैत्रिणींनो, इथेच आपण बहुतेकजणी फसतो. चलानाचे पैसे भरणं म्हणजे कायद्याच्या भाषेत तडजोड. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खाली ती एकदा झाली की प्रकरण तिथेच मिटतं. मग ‘माझी चूक नव्हती’ म्हणायला जागा उरत नाही. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीने किरकोळ गुन्ह्यांच्या कलम १७७ मधला दंड वाढला. पहिल्या वेळी १०० ऐवजी ५०० पर्यंत, त्यानंतरच्या वेळी ३०० ऐवजी १५०० पर्यंत. म्हणजे न केलेली पहिली चूक पदरात घेतली, तर पुढची खरी चूकही महागात पडते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोळ्या उरकून मी चौकात गेले. पाटी होती! खांबावर, जिथे असायला हवी तिथेच. पण तिच्यावर कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा भला मोठा फ्लेक्स. भाऊ हात जोडून हसताहेत, आजूबाजूला शुभेच्छुकांचे तीसएक फोटो, आणि फ्लेक्सच्या मागून लाल कडेचा एक तुकडा तेवढा डोकावतोय. केळीच्या गाडीवाल्याला विचारलं, तर म्हणाला, “आठ दिस झाले, ताई. रोज धा-बारा जण पकडता इथं.”

मी तिथेच पाच-सहा फोटो काढले. एक पाटीचा जवळून, एक मी ज्या बाजूने आले त्या बाजूने स्कुटीवर बसून, म्हणजे चालवणाऱ्याला काय दिसतं ते कळावं. बाकीचे दुकानांच्या पाट्यांसह, जागा ओळखू यावी म्हणून. हे काम त्याच दिवशी करा बरं का. फ्लेक्स आज आहे, उद्या वाऱ्याने फाटेल किंवा पुढचा वाढदिवस येईल.

आता थोडं कायद्याचं. कंटाळू नका, मी वाचलं तेव्हा मलाही बरंच नवीन होतं. रस्त्यावरच्या पाट्या तीन प्रकारच्या. गोल पाटी हुकमाची, त्रिकोणी सावधगिरीची, चौकोनी माहितीची. दंड गोल पाटी मोडल्याचा. ‘डावीकडे वळू नका’ची पाटी म्हणजे लाल कडेचं गोल, आत डावीकडे वाकलेला काळा बाण आणि त्यावर तिरकी लाल रेघ. कलम ११९ सांगतं की चालकाने हुकमाच्या पाटीप्रमाणेच गाडी चालवावी. पण पाटी दिसेल तर ना! सिग्नलचंही ध्यानात ठेवा. लाल दिवा असताना डावीकडे जायला हरकत नाही, असा आपला सर्रास समज असतो. तो चुकीचा आहे. तिथे हिरवा बाण किंवा तशी पाटी असेल तरच जायचं. तसं चलान आलं, तर माझ्यासारखं भांडायला जाऊ नका.

कॅमेऱ्याने पकडलेल्या गुन्ह्यांसाठी केंद्र सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये नियम केले. नोटिशीत गाडीचा नंबर दिसणारा स्पष्ट फोटो, तारीख, वेळ, जागा आणि मोडलेलं कलम हवं, आणि ती गुन्ह्यापासून १५ दिवसांत निघायला हवी, असं त्यात म्हटलं. त्या नियमांबरोबरच्या शहरांच्या यादीत महाराष्ट्रातली १९ शहरं होती, त्यात आपलं जळगावही. म्हणून चलान आलं की नुसती रक्कम वाचू नका. फोटो उघडा, मोठा करून पाहा. गाडी आपलीच आहे ना? त्या वेळी आपण तिथे होतो ना?

मी फोटो मोठा केला आणि टाळीच वाजवली. माझ्या स्कुटीची मागची बाजू, भाजीची पिशवी, आणि वरच्या कोपऱ्यात भाऊंचे जोडलेले हात! त्यांच्याच फोटोत पाटी झाकलेली दिसत होती.

मग अर्ज लिहिला. साध्या कागदावर, मराठीत. वर चलान क्रमांक, गाडीचा नंबर, तारीख, वेळ, ठिकाण. खाली चार ओळी: ‘सदर ठिकाणी मनाईची पाटी फ्लेक्सने पूर्ण झाकलेली होती. सोबत माझे फोटो जोडले आहेत. आपल्या चलानाच्या फोटोतही ही बाब दिसते. तरी चलान रद्द करावे, ही विनंती.’ पहिल्या कच्च्या अर्जात मी कर भरणाऱ्या नागरिकांवर दोन परिच्छेद लिहिले होते. ते यांनी खोडायला लावले, आणि बरंच झालं. गाडी यांच्या नावावर, तेव्हा अर्जावर सही यांची आणि गाडी मी चालवत होते असं माझं निवेदन. दोन प्रती काढल्या, एकीवर आवक शिक्का मारून पोच घेतली. महाट्रॅफिक ॲपवरही तक्रार नोंदवता येते, तीही नोंदवली.

पहिल्या फेरीत ‘साहेब बंदोबस्ताला गेलेत’. दुसऱ्या फेरीत टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, “ताई, पाचशे रुपयांसाठी एवढं कशाला? लोकअदालतीत कमी करून घ्या.” हाही सल्ला नीट समजून घ्या. राष्ट्रीय लोकअदालतीत थकलेली चलानं ठेवतात हे खरं, पण ती जागा तडजोडीची. दोघांच्या संमतीने निवाडा होतो, आणि १९८७ च्या कायद्याप्रमाणे त्यावर अपील नाही. चूक मान्य असेल तर खुशाल जा. चूकच नाही म्हणायचं असेल, तर ते न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे. तिथे जायची वेळ आली आणि वकिलाची धास्ती वाटली, तर त्याच कायद्याचं कलम १२ लक्षात असू द्या. स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागण्याचा हक्क आहे. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. मला स्वतःला हे पस्तिशी उलटल्यावर कळलं.

तिसऱ्या फेरीत साहेब भेटले. मी काही न बोलता त्यांच्याच फोटोची छापील प्रत पुढे ठेवली आणि भाऊंच्या हातांवर बोट ठेवलं. ते जरा हसले, अर्जावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, “हे फ्लेक्स आम्ही लावत नाही हो, ताई.” खरंच आहे. बेकायदा फलकांविरुद्ध साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१७ ला निकाल दिला. तरी आपल्या चौकांची दशा आपण पाहतोच. मी महापालिकेलाही एक अर्ज टाकला. त्याचं उत्तर अजून नाही.

तीन आठवड्यांनी चलान रद्द झालं. हिशेब मांडला, तर रिक्षा, छपाई आणि बुडालेले तास मिळून पाचशेच्या वर गेले. हे तुमच्यापासून लपवत नाही. प्रत्येकीला हा खटाटोप परवडेल असंही नाही. माझी शाळा जवळ होती आणि मुलांना सांभाळायला सासूबाई होत्या, म्हणून जमलं.

त्या संध्याकाळी यांनी ॲप उघडून मोबाइल आधी सासूबाईंपुढे धरला. त्यांनी चष्मा लावून वाचलं, शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि म्हणाल्या, “त्या काकूंना बोलावून आण रे.”