इगतपुरीचे दहा दिवस आणि नंतरचे

इगतपुरीच्या धम्मगिरीहून विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर करून आले, तर घरच्यांचा पहिला प्रश्न, "तू दहा दिवस गप्प बसलीस?" बसले की! (दहाव्या दिवशी मौन सुटतं, म्हणजे तसे नऊच.) १९७६ पासून तिथे शिबिरं चालतात, फी नसते. पहाटे चारला घंटा. सुरुवातीला नुसता येणारा-जाणारा श्वास पाहायचा, मग अंगभर उठणाऱ्या संवेदना. फक्त पाहायचं, त्यांच्यामागे धावायचं नाही. मला जमलं, कारण ताट आयतं समोर येत होतं आणि "माझा टॉवेल कुठाय?" म्हणून कुणी हाक मारत नव्हतं.

खरी परीक्षा घरी. एकीकडे दूध वर येतंय, दुसरीकडे फोन वाजतोय आणि लेक डबा नको म्हणतेय. आता उत्तर देण्याआधी घसा तापला हे लक्षात येतं, एवढाच फरक. तेही रोज नाही. गेल्याच आठवड्यात मेथीच्या जुडीवरून सासूबाईंवर खेकसले.

पण मला बोलायचंय ते वेगळंच. बचत गटाच्या कामासाठी मी वस्तीत जाते. तिथल्या एकीला नवरा मारतो. तिची सासू तिला म्हणाली, "त्या ताईंसारखं ध्यान कर, डोकं शांत राहील." ऐकून अंगाची लाही लाही झाली. बायकांना 'सोस' म्हणायला आपल्याकडे आधीच शब्द कमी होते का, म्हणून आता बुद्धालाही कामाला लावायचं?

बुद्धाच्या अष्टांगिक मार्गात सम्यक स्मृती आहे, तशी सम्यक वाणीही आहे. स्मृती म्हणजे जे आहे ते जसंच्या तसं पाहणं. मग मार हा मारच दिसायला हवा, 'त्यांचा स्वभाव' नव्हे. आणि दिसल्यावर खरं बोलायलाही हवं.

तिला म्हटलं, पाच मिनिटं माझ्याजवळ बस, श्वास बघ. बसली. हाताची थरथर थांबली तशी पहिल्यापासून सांगू लागली, तारखांसकट. मी वहीत लिहून घेतलं. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे, त्यात संरक्षण अधिकारी असतात, हे तिला ठाऊकच नव्हतं. सोमवारी आम्ही दोघी त्यांच्याकडे जाणार आहोत. वही तिने माझ्याकडेच ठेवायला दिलीय.