गाणं गाजतं, मग दुसरा अल्बम का परवडत नाही?

२०२४ मध्ये ‘तांबडी चामडी’ या गाण्यानं रील्सवर धुमाकूळ घातला. क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं हे मराठी हाऊस गाणं नेदरलँड्समधल्या स्पिनिन रेकॉर्ड्स या डान्स म्युझिकच्या नावाजलेल्या कंपनीनं प्रकाशित केलं. मराठी शब्द आणि इलेक्ट्रॉनिक ठेका यांचं चांगलं जमतं, हे त्यातून दिसलं.

पण हे यश एका गाण्याचं आहे. मोठ्या कंपनीच्या किंवा सिनेमाच्या आधाराशिवाय काम करणाऱ्या, म्हणजेच इंडी, इलेक्ट्रॉनिक बँडला आठ-दहा गाण्यांचा अल्बम करायचा असेल तर गणित वेगळं असतं. खरी कसोटी लागते ती दुसऱ्या अल्बमच्या वेळी.

दुसराच अल्बम का महत्त्वाचा?

पहिल्या अल्बममध्ये बहुतेकदा अनेक वर्षं साठलेली गाणी असतात. त्याचा खर्च बचतीतून किंवा नोकरीच्या पगारातून निघतो. दुसऱ्या वेळी गाणी नव्यानं करावी लागतात आणि रेकॉर्डिंग, मिक्सिंग, मास्टरिंगचा खर्च पुन्हा उभा राहतो. पहिल्या अल्बमनं काही कमावून दिलं का, हे इथे उघड होतं.

मुंबईची दोन उदाहरणं पाहण्यासारखी आहेत. पेंटाग्राम या रॉक बँडचा पहिला अल्बम १९९६ मध्ये आला. इलेक्ट्रॉनिक वळणाचा दुसरा अल्बम ‘अप’ यायला २००२ उजाडलं. तोपर्यंत बँडचे गायक विशाल ददलानी हे विशाल-शेखर जोडीतून हिंदी सिनेमाला संगीत देऊ लागले होते. याच बँडचे गिटारवादक रँडॉल्फ कोरिया यांनी पुढे गायिका मोनिका डोगरा यांच्यासोबत ‘शायर अँड फंक’ ही इलेक्ट्रॉनिक जोडी सुरू केली. त्यांचा पहिला अल्बम २००७ चा, तर दुसरा, ‘लाइट ट्राइब’, लगेच २००८ मध्ये आला. डोगरा यांचा चेहरा मात्र अनेकांना ओळखीचा झाला तो ‘धोबी घाट’ या सिनेमामुळे.

त्या काळात अशा बँडना मंचही मिळत होता. लोअर परळच्या मथुरादास मिल आवारात २००७ मध्ये ब्लू फ्रॉग हा क्लब सुरू झाला, तर २०१० मध्ये पुण्यात एनएच७ वीकेंडर महोत्सव. ब्लू फ्रॉगचं मुंबईतलं दार २०१६ मध्ये बंद झालं. त्यानंतर ऐकणं झपाट्यानं मोबाइलवर आलं. २०१६ मध्येच जिओ आलं आणि २०१९ मध्ये स्पॉटिफाय भारतात दाखल झालं.

स्ट्रीमिंगचे पैसे कसे मोजले जातात?

अनेकांना वाटतं की आपण भरलेले पैसे आपण ऐकलेल्या कलाकाराला मिळतात. बहुतेक ॲपमध्ये तसं होत नाही. सगळ्यांचे पैसे एकत्र होतात आणि एकूण प्ले किती, त्यातले कोणाचे किती, या हिशेबानं वाटले जातात.

त्यात २०२४ पासून स्पॉटिफायनं एक अट घातली. मागच्या १२ महिन्यांत किमान १,००० वेळा वाजलेलं गाणंच रेकॉर्डिंगच्या रॉयल्टीसाठी धरलं जातं. ही अट प्रत्येक गाण्याला स्वतंत्रपणे लागू होते.

अल्बमला फटका बसतो तो इथेच. समजा, एका बँडच्या अल्बममधली १० गाणी वर्षभरात प्रत्येकी ९०० वेळा वाजली. एकूण प्ले झाले ९,०००, पण या अटीनुसार रॉयल्टी शून्य. दुसऱ्या बँडचं एकच गाणं ९,००० वेळा वाजलं, तर ते हिशेबात येऊ शकतं. ऐकणं तेवढंच, निकाल वेगळा.

आणखी एक अडचण खास इलेक्ट्रॉनिक संगीताची. गाणं ३० सेकंद ऐकलं की एक प्ले धरला जातो. मग ते दोन मिनिटांचं असो की आठ. हळूहळू चढत जाणाऱ्या लांब ट्रॅकला त्या लांबीचा वेगळा मोबदला नाही.

पडघ्याच्या हळदीतून कलाकाराला काय मिळतं?

हाऊस हे नाव शिकागोतल्या ‘वेअरहाऊस’ म्हणजे ‘गोदाम’ नावाच्या क्लबवरून पडलं, असं मानलं जातं. भिवंडी तालुक्यात गोदामांना तोटा नाही आणि पडघा परिसरात इलेक्ट्रॉनिक ठेक्यावर नाचणारेही कमी नाहीत. त्यासाठी क्लब लागत नाही, हळदीचा मांडव पुरतो.

पण तिथे वाजणाऱ्या गाण्याचा पैसा संगीतकारापर्यंत सहसा पोहोचत नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(झेडए) नुसार धार्मिक विधी, लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभांत गाणी वाजवणं हा हक्कभंग ठरत नाही. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारनं हे पुन्हा स्पष्ट केलं. साध्या कुटुंबाला लग्नात परवान्याच्या कटकटीतून सूट मिळणं योग्यच आहे. पण त्याचा अर्थ असाही होतो की ग्रामीण भागातल्या सर्वांत मोठ्या डान्स फ्लोअरवरून कलाकाराच्या हाती काही येत नाही. डीजेला सुपारी मिळते, मंडपवाल्याला भाडं मिळतं, गाणं मात्र फुकट वाजतं.

मग मार्ग काय?

कायद्यानं एक आधार दिला आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला कायमचा लिहून घेता येत नाही. ही रॉयल्टी आयपीआरएस ही संस्था गोळा करते, पण त्यासाठी कलाकारानं सभासद होऊन गाणी नोंदवायला हवीत.

पैसे वाटण्याची पद्धतही बदलू शकते. साउंडक्लाउडनं २०२१ मध्ये इंडी कलाकारांसाठी वेगळा प्रयोग सुरू केला. त्यात श्रोत्याचे पैसे त्यानं ऐकलेल्या कलाकारांमध्येच वाटले जातात. बँडकॅम्पवर अल्बम थेट विकत घेता येतो आणि डिजिटल विक्रीतला साधारण १५ टक्के वाटा कापून बाकीचे पैसे, व्यवहार शुल्क वगळता, कलाकाराकडे जातात.

श्रोत्याच्या हातात दोन सोप्या गोष्टी आहेत. रीलमध्ये आवडलेलं एकच गाणं लूपवर लावण्याऐवजी अल्बममधली बाकीची गाणीही ऐकणं, कारण १,००० चा आकडा प्रत्येक गाण्याला गाठायचा असतो. आणि बँड जवळपास कुठे वाजवणार असेल, तर तिकीट काढून जाणं. मराठीतला पुढचा इलेक्ट्रॉनिक बँड दुसऱ्या अल्बमपर्यंत पोहोचेल की एका व्हायरल गाण्यावर थांबेल, हे बऱ्याच अंशी यावर ठरेल.