निवासी डॉक्टरची प्रसूती रजा : भार कोणावर?

सरकारी आणि महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांचा भार पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या निवासी डॉक्टरांच्या खांद्यावर असतो, हे अशा रुग्णालयाच्या अपघात विभागात एक रात्र काढलेल्या माणसाला सांगावयास नको. मात्र या डॉक्टरांचे नेमके स्थान कोणते, याचे उत्तर प्रशासन सोयीनुसार देत असते. काम घ्यावयाचे असते तेव्हा ते डॉक्टर असतात. हक्क देण्याची वेळ आली की विद्यार्थी होतात. त्यांच्या मोबदल्याचे 'विद्यावेतन' हे नावदेखील दोन्ही डगरींवर हात ठेवणारे आहे. या दुटप्पीपणाची सर्वांत अधिक झळ पोचते ती याच काळात आई होणाऱ्या स्त्रीला.

आणि हा काळ टाळता येण्याजोगा नाही. एमबीबीएस, आंतरवासिता, प्रवेशपरीक्षा हे सारे उरकेपर्यंत पंचविशी उलटते. पुढे निवासी म्हणून तीन वर्षे आणि त्यानंतर बंधपत्रित सेवा. 'मूल नंतर होऊ द्या' असा सल्ला देणाऱ्या वरिष्ठांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा. बाहेरच्या मातांना सहा महिने केवळ अंगावरचे दूध पाजा असे रोज बजावणाऱ्या डॉक्टरने स्वतःच्या बाळाचे काय करावे, हेही त्यांनीच सांगावे.

कागदावर हक्क नाही असे नव्हे. १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्यातील बारा आठवड्यांची रजा २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवडे झाली आणि हीच तरतूद २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतली गेली. मूळ कायद्यात तर गर्भारपणाच्या अखेरच्या काळात स्त्रीने मागणी केल्यास तिला फार वेळ उभे राहण्याचे काम देऊ नये, असेही म्हटले होते. शस्त्रक्रियागृहात तासन् तास उभ्या राहणाऱ्या निवासी डॉक्टरला हे वाचून हसू येईल. २०२३ च्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण नियमांनीही प्रसूती रजा शासकीय नियमांप्रमाणे मान्य केली आहे. अनुज्ञेय मर्यादेपेक्षा अधिक रजा झाली तर अभ्यासक्रम तितक्या दिवसांनी लांबतो.

खरी मेख आहे ती वेगळीच. रजा मंजूर होते, पण तिच्या जागी माणूस येत नाही. एका युनिटमध्ये सहा निवासी असतील आणि एक रजेवर गेली, तर उरलेल्या पाचांच्या वाट्याचे काम एक पंचमांशाने वाढते. १९९२ च्या केंद्रीय निवासी योजनेने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती; ती कोठे पाळली जाते हे शोधावे लागते. अशा आधीच पिळून निघालेल्या सहकाऱ्यांच्या माथी हा बोजा पडला की त्यांचा राग रजेवर गेलेल्या मैत्रिणीवर निघतो, प्रशासनावर नाही. शासनाने हक्क जाहीर करावयाचा आणि त्याची किंमत मात्र कामगारांनी आपसात वाटून घ्यावयाची, असा हा व्यवहार आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला तो नवा नाही. खर्च नाहीसा होत नाही, तो दुर्बळांकडे सरकवला जातो इतकेच. मग ती स्त्री संकोचाने रजा अपुरी सोडून परतते, आणि हक्काचा वापर होत नाही म्हणून त्याची गरजही नाही असा निष्कर्ष काढायला प्रशासन मोकळे!

मुंबई इलाख्यात १९२९ साली प्रसूतिलाभाचा कायदा झाला. त्याआधी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. आंबेडकरांनी मातेच्या विश्रांतीत राष्ट्राचे हित पाहिले होते आणि हा भार मुख्यत्वे सरकारने उचलावा असे मत मांडले होते. खाजगी मालकाच्या बाबतीत यावर वाद होऊ शकेल. सार्वजनिक रुग्णालयात वादाला जागाच कोठे आहे? तेथे मालक शासनच आहे.

आपल्यातील काही साथी विचारतील की, सुस्थित डॉक्टरांची एवढी चिंता कशासाठी? ऊसतोडणीला जाणाऱ्या बाईला कोण रजा देते? २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला, तो आपण विसरलेलो नाही. प्रश्न रास्त आहे, पण त्याचे टोक चुकीच्या दिशेने वळवलेले आहे. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरील रोजंदार स्त्रियांना प्रसूतिलाभ मान्य केला, तो कायम कर्मचारी स्त्रियांकडून काढून घेऊन नव्हे. शिवाय ती ऊसतोडणी करणारी बाई बाळंतपणासाठी शेवटी ज्या रुग्णालयात येते, तेथे तिच्यासमोर उभी असते ती हीच निवासी डॉक्टर, कधी स्वतः आठव्या महिन्यात, सलग दुसऱ्या रात्रपाळीवर.

तेव्हा मागणी केवळ रजेच्या आठवड्यांची असता कामा नये. प्रत्येक विभागात रजा राखीव पदे मंजूर झाली पाहिजेत, प्रसूतीच्या आधीच्या महिन्यांत रात्रपाळी बंद झाली पाहिजे, आणि रजेच्या तसेच वाढीव मुदतीच्या काळातही विद्यावेतन चालू राहिले पाहिजे. बाप होणाऱ्या निवासी डॉक्टरलाही, केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला मिळते तशी निदान पंधरा दिवसांची रजा प्रत्यक्षात मिळावी. निवासी डॉक्टरांच्या संघटना संपाच्या वेळी विद्यावेतनवाढीची मागणी अग्रभागी ठेवतात. पुढच्या मागणीपत्रात रजा राखीव पदांची मागणी पहिल्या पानावर यावी, आणि त्या दिवशी आपल्या कार्यकर्त्यांनी परिचारिका व सफाई कामगारांच्या संघटनांना बरोबर घेऊन रुग्णालयाच्या दारात उभे राहावे.