हाड जुळले, माणूस उभा राहिला काय?

अपघातात हातपाय मोडलेल्या माणसाचा जीव वाचला की सारेच सुटकेचा निःश्वास सोडतात. त्याची खरी परीक्षा मात्र रुग्णालयातून घरी परतल्यावर सुरू होते, आणि तिची फारशी दखल कोणी घेत नाही.

केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये रस्ता अपघातातील जखमींसाठी विनारोकड उपचारांची योजना लागू केली. तीत प्रत्येक जखमीस दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. आम्ही तिचे स्वागतच करतो. परंतु तिची मुदत अपघातापासून अवघ्या ७ दिवसांची! मनगटाचे हाड जुळण्यास साधारणतः ६ आठवडे लागतात. मांडीचे हाड ३ महिने, क्वचित त्याहूनही अधिक काळ घेते. तेथून पुढचे चालणे ज्याचे त्याने शिकावे काय?

एकच हाड मोडले तर बाकीचे अवयव भार उचलतात. मांडी आणि मनगट दोन्ही मोडली, तर कुबडी धरायची कशी? कोणत्या पायावर किती भार केव्हा द्यावा हे ठरविणे, आखडलेला गुडघा हळूहळू वाकविणे, झिजलेले स्नायू बळकट करणे, हे फिजिओथेरपीचे कार्य शस्त्रक्रियेइतकेच शास्त्रीय आहे. ते झाले नाही तर क्ष-किरण चित्रात हाड उत्तम जुळलेले दिसते आणि माणूस पंगूच राहतो. मालीश हा त्यावरचा पर्याय नव्हे. कोपर मोडल्यानंतर ते जोराने चोळल्यास स्नायूंत नवे हाड धरून सांधा जखडण्याचा धोका असतो.

माडावरून पडलेला पाडेली किंवा अपघातात सापडलेला मोटारसायकल पायलट यांचे पोट हातापायांवरच चालते. काणकोण वा सत्तरीच्या अशा रुग्णाने आठवड्यातून तीनदा बांबोळी गाठावी कशी? त्याची कमाई थांबलेलीच असते. त्यात गाडीभाडे वाढते आणि सोबत येणाऱ्याचाही रोज बुडतो. मग चार खेपांनंतर येणे बंद पडते, आणि दोष दिला जातो तो रुग्णाच्या आळसाला!

म्हणून आमचे म्हणणे असे की, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ठरल्या दिवशी फिजिओथेरपिस्ट उपलब्ध असावा, घरच्या माणसांना व्यायाम शिकवूनच रुग्णास घरी पाठवावे आणि शासकीय योजनांत या उपचारांसाठी निदान ३ महिन्यांची तरतूद व्हावी. हाड जोडण्यासाठी लाख खर्चून, त्याच पायावर माणसाला उभे करताना शेकड्यांसाठी हात आखडता घेणे याला काटकसर म्हणत नाहीत. ती उधळपट्टीच होय.