अतिघामाचे औषध आणि चिठ्ठीचे मोल

घाम हा शब्द मराठी भाषेत मोठ्या मानाने वावरतो. घाम गाळून मिळवलेल्या भाकरीची प्रतिष्ठा सर्वांना मान्य आहे आणि ज्याला घाम माहीत नाही, त्याला श्रम माहीत नाहीत, असेच समाज मानतो. या मानाचा एक दुष्परिणाम मात्र क्वचितच कोणाच्या ध्यानात येतो. घाम म्हणजे कष्ट, एवढेच समीकरण मनात पक्के बसल्यामुळे घाम हा आजारही असू शकतो, ही गोष्ट समाजाला पटत नाही. सावलीत स्वस्थ बसलेल्या तरुणाची काख ओलीचिंब होत असेल, तर त्याला धीट हो, स्वच्छता पाळ, असा उपदेश होतो. औषधाची गोष्ट कोणी काढत नाही.

वस्तुतः या विकाराला वैद्यकशास्त्रात स्वतंत्र स्थान आहे. शरीर थंड ठेवण्यासाठी घर्मग्रंथी काम करतात आणि त्यांना मज्जातंतूंकडून आज्ञा मिळते. काही व्यक्तींमध्ये ही आज्ञा अकारण आणि अवाजवी प्रमाणात सुटते. घाम सहा महिन्यांहून अधिक काळ दिसत असेल, त्याला दुसरे कारण सापडत नसेल, तो दोन्ही काखांत सारखा येत असेल, पंचविशीच्या आत सुरू झाला असेल, झोपेत थांबत असेल आणि घरात आणखी कोणाला तोच त्रास असेल, तर डॉक्टर या विकाराचे निदान करतात. याउलट रात्री झोपेत अंथरूण भिजवणारा घाम क्षयरोगाची सूचना असू शकतो. सर्वांगाला सुटणाऱ्या घामाच्या मुळाशी थायरॉइडचा विकार असू शकतो किंवा मधुमेहीची साखर एकाएकी उतरलेली असू शकते. सारांश, घाम एकच असला तरी त्याचे अर्थ अनेक आहेत आणि ते वाचण्यासाठी जाणकार माणूस लागतो.

काखेच्या अतिघामावर प्रथम दिले जाणारे औषध साधे आहे. अॅल्युमिनियम क्लोराइडचा सुमारे 20 टक्के द्राव रात्री, पूर्ण कोरड्या त्वचेवर लावायचा आणि सकाळी धुऊन टाकायचा. घामाच्या नलिकांची तोंडे त्याने काही काळ बंद होतात. घरोघरी ठाऊक असलेली तुरटी हाही अॅल्युमिनियमचाच क्षार आहे, तेव्हा ही कल्पना मराठी माणसाला परकी वाटू नये. पण ओल्या किंवा नुकत्याच केस काढलेल्या त्वचेवर हाच द्राव लावला तर आग होते आणि रुग्ण दुसऱ्याच दिवशी औषध टाकून देतो. औषध कसे लावावे हे सांगणारे दोन शब्द येथे औषधाइतकेच महत्त्वाचे ठरतात.

त्यापुढची औषधे मज्जातंतूंची आज्ञाच ग्रंथीपर्यंत पोहोचू देत नाहीत. ग्लायकोपायरोनियमने भिजवलेल्या कापडी पुसणीला अमेरिकेत 2018 मध्ये मान्यता मिळाली. सोफपायरोनियमचा जेल जपानमध्ये 2020 मध्ये, तर अमेरिकेत 2024 मध्ये मान्य झाला. या औषधांची कार्यपद्धती समजण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. रानात उगवणाऱ्या धोतऱ्यात अॅट्रोपीन असते आणि धोतऱ्याची बाधा झालेल्या माणसाचे तोंड कोरडे पडते, बाहुल्या विस्फारतात, त्वचा सुकी व तापलेली होते, हे खेड्यातल्या वडीलधाऱ्यांना पुस्तकाशिवाय ठाऊक असते. काखेवर लावायची ही नवी औषधे याच मार्गाने, पण मोजक्या मात्रेत आणि बव्हंशी एका जागेपुरती काम करतात. म्हणूनच औषधाचा हात डोळ्याला लागला तर नजर धूसर होते, काहींना लघवीला अडथळा होतो आणि काचबिंदूच्या काही रुग्णांना ते चालत नाही. कडक उन्हात शरीर तापून आजार होण्याचा इशाराही त्यांच्या माहितीपत्रकात दिलेला असतो.

हा शेवटचा इशारा जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांत विशेष गंभीरपणे वाचायला हवा. समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार फूट उंचीवरचे जव्हार थंड हवेसाठी प्रसिद्ध असले, तरी तेथील कष्टकऱ्याचे सारे वर्ष त्या थंड हवेत जात नाही. नाचणी-वरईची कापणी उरकली आणि दिवाळी झाली, की अनेक आदिवासी कुटुंबे वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांची वाट धरतात. भट्टीच्या धगीत दिवसभर राबणाऱ्या माणसाला घाम हेच संरक्षण असते. काखेपुरते लावलेले औषध सारे अंग कोरडे करीत नाही हे खरे. परंतु त्याचा काही अंश रक्तात उतरतो आणि याच वर्गातल्या गोळ्या घेतल्या तर परिणाम सर्वांगावर होतो. आता त्याच गावातली आश्रमशाळेची विद्यार्थिनी डोळ्यांपुढे आणावी. गणवेशावर उमटलेल्या डागांमुळे ती फळ्याजवळ जायचे टाळते, हात वर करीत नाही, म्हणून तिला उत्तर येत नाही असा समज होतो. तिच्यासाठी तेच औषध शिक्षणाची वाट मोकळी करणारे ठरू शकते. रोग एक, औषध एक, तरी एकीला ते द्यावे आणि दुसऱ्याला देताना दहा वेळा विचार करावा, अशी ही स्थिती आहे.

डॉक्टरच्या चिठ्ठीचे खरे मोल येथे कळते. चिठ्ठी म्हणजे दुकानदाराला दाखवायचा परवाना, एवढाच अर्थ सर्वत्र रूढ झाला आहे. वास्तविक चिठ्ठी हा एक निर्णय असतो. समोरचा माणूस काय काम करतो, कोणत्या ऋतूत कोठे जातो, त्याला दुसरा कोणता आजार आहे, याचा विचार त्या चार ओळींमागे असावा लागतो. तो विचार वगळून औषध हाती आले, तर काय होते, याचा अनुभव देशाने घेतला आहे. घामाने ओल्या राहणाऱ्या काखेत आणि जांघेत गजकर्ण फोफावते. त्यावर दुकानातून मागून आणलेले स्टेरॉइडचे मलम खाज तात्पुरती थांबवते, पण बुरशी पसरत राहते, कातडी पातळ होते आणि तिच्यावर न जाणारे चिरे पडतात. बाहेरून लावायच्या औषधांना असलेली नियमांतील सवलत या सुलभ विक्रीच्या मुळाशी होती. देशातील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्याविरुद्ध आवाज उठवला आणि 2018 मध्ये केंद्र सरकारने अशा 14 स्टेरॉइडांची ही सवलत काढून त्यांना चिठ्ठी सक्तीची केली. नियम योग्यच होता. प्रश्न उरतो तो असा, की जेथे चिठ्ठी लिहिणारा नाही, तेथे चिठ्ठीच्या सक्तीने रुग्णाचे कोणते हित साधते?

साखरशेतच्या रहिवाशाला हा प्रश्न रोजच्या व्यवहाराचा आहे. आदिवासी भागात 20,000 लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हे शासनाचे प्रमाण आहे आणि अशा केंद्रात त्वचारोगतज्ज्ञाचे पदच नसते. ग्रामीण रुग्णालयाच्या रूढ रचनेतही शल्यचिकित्सक, भिषक, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ यांचा विचार झाला, त्वचेचा झाला नाही. मग रुग्णाने विक्रमगड-मनोरच्या रस्त्याने पालघर गाठावे, नाहीतर मोखाडा-त्र्यंबकेश्वरमार्गे नाशिक. काखेच्या घामासाठी एक दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे कोण खर्च करील? जवळच्या दुकानातली नळी त्याला त्याहून स्वस्त वाटते, यात त्याचा दोष नाही.

ज्या भागात कुपोषण, बाळंतपणातील मृत्यू आणि रस्त्यांचा अभाव यांची चर्चा संपत नाही, तेथे काखेच्या घामाचा विषय काढणे ही चैन आहे, असा आक्षेप कोणी घेईल. 1992-93 मध्ये वावर-वांगणीत झालेल्या बालमृत्यूंची आठवण ज्यांना आहे, त्यांच्या मुखी तो शोभेलही. परंतु मोठ्या दुःखाच्या नावाखाली लहान दुःखाला दार बंद करायचे, हा न्याय शहराला कधी लावला जात नाही. शहरातल्या माणसाचा घाम हा उपचाराचा विषय होतो आणि डोंगरातल्या माणसाचा घाम तेवढा कौतुकाचा विषय राहतो, ही विषमताच आहे. शिवाय घामाची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णात क्षयरोग किंवा थायरॉइडचा विकार सापडू शकतो. लहान तक्रार ऐकून घेणाऱ्या दवाखान्यातच मोठे आजार वेळेवर पकडले जातात.

यासाठी नवे रुग्णालय उभारण्याची गरज नाही. कुष्ठरोगाच्या शोधासाठी आशा कार्यकर्त्या घरोघर जाऊन त्वचा पाहतात. चट्ट्याच्या जागी घाम येत नाही, संवेदना नाही, हे कुष्ठरोगाचे लक्षण त्यांना शिकवलेले असते. घाम न येण्याची खूण ओळखणाऱ्या या डोळ्यांना अतिघामाची आणि मलमाने बिघडलेल्या गजकर्णाची खूण शिकवणे अवघड नाही. दूरवैद्यकाला 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनी रीतसर रूप दिले आहे आणि ई-संजीवनीसारखी सरकारी सेवाही उपलब्ध आहे. ठरलेल्या वारी, आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांच्या उपस्थितीत, त्वचारोगतज्ज्ञाने पडद्यावरून रुग्ण पाहावेत. जेथे फोनला रेंज नाही, तेथे महिन्यातून एकदा तज्ज्ञ जव्हारच्या कुटीर रुग्णालयात प्रत्यक्ष यावा. अॅल्युमिनियम क्लोराइडचा द्राव आणि बुरशीवरचे साधे मलम केंद्रातच मिळावे आणि आश्रमशाळेच्या आरोग्य तपासणीत मुलामुलींना या त्रासाविषयी एकांतात विचारले जावे.

एवढे केले तरी चिठ्ठीची सक्ती अर्थपूर्ण होईल. शासनाने औषधाला कुलूप लावले, ते लोकहितासाठीच लावले. आता त्या कुलपाची किल्ली साखरशेतच्या आरोग्य केंद्रात पोहोचवणे, हेही शासनाचेच कर्तव्य आहे.